बोट ओढताना ऑटोमॅटिक गियरबॉक्स तापतो: आधी रॅम्प बघा, मग कूलर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही शिवोलीला राहता, ऑटोमॅटिक फोर बाय फोर डिझेल पिकअप आहे आणि १८ फुटी फायबरची बोट ट्रेलरवर घालून काणकोणला नेता-आणता. परवा परतताना बोट पाण्यातून काढली, चावडी सोडली आणि करमल घाटाच्या चढावर गियरबॉक्सचं ऑइल तापल्याचा दिवा लागला. गाडी बाजूला घेतली, वीसेक मिनिटांनी दिवा गेला, घरी नीट पोचलात. आता एक मित्र म्हणतो ते ऑइल थंड करायला बाहेरून मोठा कूलर बसव, दुसरा म्हणतो गियरबॉक्स गेला समज. तुम्ही विचारताय की कूलर घ्यायचा तर केवढा.

कूलरकडे येतोच, पण तुम्हीच लिहिलेली एक गोष्ट आधी बघू. त्याच घाटाने तुम्ही सकाळी बाळ्ळीच्या बाजूने चढून गेला होतात. तीच गाडी, तीच बोट, तोच ट्रेलर. तेव्हा दिवा लागला नाही. मग दुपारी का लागला? ऊन वाढलं होतं हे खरं, पण नुसत्या उन्हाने एवढा फरक पडत नाही. सकाळ आणि दुपार यांच्या मध्ये एकच मोठी गोष्ट घडली. तुम्ही बोट रॅम्पवरून, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या सिमेंटच्या उतारावरून, वर ओढलीत, पट्टे आवळलेत आणि निघालात.

मी बरीच वर्षं फोंड्याच्या बाजूला ऑटोमॅटिक गियरबॉक्सचंच काम करतो. मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या आधी बोटी वर काढायची घाई सुरू झाली की अशा गाड्या हमखास येतात आणि बहुतेकांची तक्रार हीच असते. दिवा घाटात लागतो म्हणून सगळे घाटाला दोष देतात. तेल तापायला सुरुवात मात्र रॅम्पवर झालेली असते.

ते कसं, हे समजायला गरमी कुठे तयार होते ते बघायला हवं. ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडल नाही, त्याच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर आहे. इंजिनाला जोडलेलं पात्यांचं चाक तेल फेकतं, त्या तेलाच्या जोरावर समोरचं चाक फिरतं आणि ते गियरबॉक्सला फिरवतं. दोन्ही चाकांच्या वेगात जितका फरक, तितकी ताकद तेल घुसळण्यात जाते, म्हणजे तेल तापवण्यात. गाडीने वेग घेतला की आतला लॉक-अप क्लच लागतो, दोन्ही चाकं एकत्र फिरू लागतात आणि तेल तापणं जवळपास थांबतं. गियरच्या दातांत, बेअरिंगांत, पंपात थोडी उष्णता होतच राहते, पण ती मूळ कूलर आरामात काढून टाकतो. म्हणून वेर्ण्याच्या पठारावर सत्तरच्या वेगाने बोट ओढताना गियरबॉक्सला फारसं काही होत नाही, आणि पर्वरीत गाड्यांच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गियरवर सरकताना तेलाचं तापमान चढत जातं.

आता थोडे आकडे. पिकअप, तुम्ही दोघंतिघं, बोट आणि ट्रेलर मिळून सगळं वजन साडेतीन टनांच्या आसपास धरू. सहा टक्के चढावर तीसच्या वेगाने एवढं वजन न्यायला चाकांवर साधारण २० ते २२ किलोवॅट ताकद लागते. कन्व्हर्टर लॉक नसेल तर त्याच्यातून जाणाऱ्या ताकदीचा पंधरा-वीस टक्के भाग तेलात जातो, म्हणजे चार ते सहा किलोवॅट. बाथरूममधले दोन-तीन गिझर एकदम चालू करून सगळी उष्णता आठेक लिटर तेलात सोडावी, असा हा प्रकार आहे. कूलरने काहीच काढून घेतलं नाही तर नुसत्या तेलाचा हिशेब मिनिटाला वीसेक अंशांचा पडतो. लोखंड-ॲल्युमिनियम थोडी उष्णता पितं आणि कूलर बरीच बाहेर टाकतो म्हणून प्रत्यक्षात एवढं होत नाही, पण घाटात आकडा इतक्या भरभर का पळतो ते यावरून कळेल.

रॅम्पवर हेच कितीतरी वाईट पद्धतीने होतं. ट्रेलर पाण्यात, बोट अर्धी तरंगते आहे अर्धी रोलरवर बसली आहे, मागची चाकं शेवाळावर आहेत. तुम्ही रेस देता, इंजिन गुरगुरतं, गाडी हलत नाही किंवा इंचाइंचाने हलते. त्या क्षणी इंजिन ४० किलोवॅट देत असेल आणि चाकं फिरत नसतील तर ते सगळे ४० किलोवॅट तेलात जातात, कारण दुसरीकडे जायला जागाच नाही. तेलापुरता हिशेब सेकंदाला दोन-तीन अंशांचा होतो. म्हणजे दहा सेकंद अर्धा पाय दाबून धरला की कन्व्हर्टरमधलं तेल कुठल्या कुठे जातं. डॅशबोर्डवरचा दिवा ते लगेच दाखवत नाही. बऱ्याच गियरबॉक्समध्ये सेन्सर खालच्या चेंबरमधल्या, म्हणजे तळाच्या टाकीतल्या, तेलात किंवा तेलाचे मार्ग उघड-बंद करणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीवर असतो आणि कन्व्हर्टरचं उकळतं तेल तिथे मिसळून पोचेपर्यंत आकडा सौम्य झालेला असतो.

पुढची गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. बोट वर आली, तुम्ही गाडी सपाटीवर घेतलीत आणि पट्टे बांधायला इंजिन बंद केलंत. गियरबॉक्सचा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, तेल कूलरकडे जाणं बंद. तापलेलं तेल आहे तिथेच बसून राहतं. अर्ध्या तासाने इंजिन चालू केलंत, चावडीतून निघालात आणि थोड्याच वेळात चढ सुरू झाला. सकाळी शिवोलीहून निघाल्यावर मडगाव ओलांडून लांबचा बऱ्यापैकी सपाट पल्ला गाडीला मिळाला होता, तेल ८०-९० अंशांवर स्थिरावलं होतं. दुपारी तुम्ही घाटाच्या पायथ्याशी आधीच तापलेलं तेल घेऊन पोचलात.

हे सगळं मी तुमच्या वर्णनावरून सांगतोय. रॅम्पचा उतार किती होता, भरती होती की ओहोटी, बोटीत सामान किती, तुमच्या मॉडेलला कंपनीचा वेगळा ऑइल कूलर आहे की फक्त रेडिएटरच्या टाकीतला, यावर आकडे बदलतील. आपल्याकडे मिळणाऱ्या व्ही-क्रॉस आणि हायलक्स दोन्हीत सहा गियरचा ऑटोमॅटिक आहे, आणि खाली सांगतो त्या गोष्टी दोन्हीला सारख्याच लागू पडतात.

सर्वात मोठा फायदा रॅम्पवरच आहे, म्हणून तिथून सुरुवात करू. बोट काढायची वेळ भरतीच्या आसपास ठेवा. उधाणाच्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक साधारण दोन मीटरचा असतो. उताराच्या रॅम्पवर दोन मीटर म्हणजे गाडीला खाली किती जादा जावं लागतं ते मोजा. ओहोटीला तुम्ही रॅम्पच्या त्या भागात उतरता जिथे शेवाळ सर्वात जाड असतं आणि चढ सर्वात लांब असतो. भरतीला गाडीची चाकं वरच्या कोरड्या सिमेंटवर राहतात आणि बोट पाण्यावर तरंगत ट्रेलरवर येते. तिला ओढून घ्यायचं काम ट्रेलरवरच्या विंचचं (दोर गुंडाळून ओढणाऱ्या रहाटाचं) आहे, गाडीचं नाही. पुष्कळ जण अर्धवट बसलेली बोट गाडीने हिसका देऊन वर आणतात, तो हिसका कन्व्हर्टर खातो.

दुसरं म्हणजे फोर-लो, चारही चाकं फिरवणारी खालची, जोराची गियर-रेंज. तुमच्याकडे फोर बाय फोर आहे आणि लिहिलंत त्यावरून ते वापरलं नव्हतं असं दिसतं. लो रेंजमध्ये ट्रान्स्फर केस (गियरबॉक्सच्या मागचा, पुढच्या-मागच्या चाकांना फिरवणारा डबा) फिरवायचा जोर सुमारे अडीचपट करते. चाकांवर तेवढाच जोर हवा असेल तर गियरबॉक्सकडून त्याच्या निम्म्याहून कमी मागणी येते आणि कन्व्हर्टर घसरत बसत नाही, गाडी चटकन हलते. गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलमध्ये घेऊन, फोर-लो लागल्याचा दिवा स्थिर झाला की मगच डीमध्ये घाला. ओल्या रॅम्पवर सरळ वर यायला हे उत्तम. वर सपाटीला कोरड्या रस्त्यावर आलात की लगेच टू-व्हीलमध्ये परत या, फोर-लोमध्ये कोरड्या सिमेंटवर वळण घेऊ नका, ट्रान्स्फर केसला ते सोसत नाही. ज्यांची गाडी फोर बाय टू आहे त्यांना हा मार्ग नाही, त्यांनी भरतीची वेळ आणि विंच यांवर जास्त भर द्यायला हवा.

गाडी उतारावर रेस देऊन धरून ठेवू नका. मागचा माणूस बोट सरळ करतोय, तुम्ही डीमध्ये हलकी रेस देऊन गाडी रोखून धरलीय, हे दृश्य मी जेटीवर सतत बघतो. ब्रेक दाबा, हँडब्रेक ओढा, चाकाला लाकडी ठोकळा लावा आणि न्यूट्रलमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा. तीन-चार सेकंद रेस देऊनही गाडी हलली नाही तर पाय काढा आणि का हलत नाही ते उतरून बघा. ट्रेलरचं चाक रॅम्पच्या कडेवरून घसरलं असेल, नाहीतर मागचा दिवा-पट्टा कुठेतरी अडकला असेल.

वर आल्यावर पट्टे बांधताना इंजिन चालू राहू द्या. पार्कमध्ये, हँडब्रेक ओढून, चाकांना ठोकळे लावून पाच-सात मिनिटं. पंप फिरत राहतो, तेल कूलरमधून फिरतं, पंखा वारा ओढतो. फक्त गाडीत कुणी मोठं माणूस बसलेलं असू द्या. या एका सवयीने घाटाच्या पायथ्याशी पोचताना तेल बरंच खाली आलेलं असतं. रॅम्पवर जास्तच कस लागला असेल तर आणखी थोडं थांबा.

रॅम्पवरची आणखी एक गोष्ट, गियरबॉक्सशी थेट संबंध नाही पण तुमच्या गाडीच्या जिवाशी आहे. लांबून बोट ओढत आल्यावर मागचा डिफरन्शियल चांगलाच गरम असतो. तो तसाच खाऱ्या पाण्यात बुडवला तर आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची छोटी वाट) किंवा सीलमधून पाणी आत खेचलं जातं. पोचल्यावर वीसेक मिनिटं गाडी तशीच उभी करा, मग मागे घ्या, आणि शक्यतो एक्सल पाण्यात जाऊच देऊ नका. ब्रीदरची नळी लांब करून उंच, दिव्याच्या मागे नेऊन बांधणं हे छोटं काम आहे, कुठलाही मेस्त्री करून देईल. गियरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसचे ब्रीदर मोकळे आहेत का तेही तेव्हाच बघून घ्या.

आता घाट. गाडी डीमध्ये सोडून दिली की करमलसारख्या वळणाच्या चढावर गियरबॉक्स तिसरा-चौथा-तिसरा असा घुटमळत राहतो. प्रत्येक बदलाला लॉक-अप सुटतो, पुन्हा लागायला वेळ घेतो, तेवढ्यात पुढचं वळण येतं. म्हणून चढ सुरू व्हायच्या आधीच मॅन्युअल मोडमध्ये जा आणि तिसरा धरून ठेवा. इंजिन २००० ते २५०० च्या दरम्यान फिरू द्या. आवाज थोडा वाढेल, वाढू द्या, डिझेलला त्याने काही होत नाही. आवळ वळणावर दुसरा. कमी आरपीएमवर मोठा गियर धरून गाडी ‘शांत’ चालवणं हेच तेलाला सर्वात जड जातं.

लॉक-अप लागलाय की नाही हे कुठलंही यंत्र न लावता कळतं. मॅन्युअलमध्ये एका गियरवर वेग स्थिर ठेवा आणि नजर आरपीएमच्या काट्यावर. आता ॲक्सिलरेटर थोडासाच, नखभर दाबा. काटा वेगाबरोबर हळूहळू चढला तर लॉक आहे. वेग तोच आणि काटा दोनतीनशेने टुणकन उडाला तर कन्व्हर्टर मोकळा आहे आणि तेल तापतंय. रिकाम्या गाडीने एकदा बोरीच्या रस्त्यावर किंवा वेर्ण्याला हा प्रयोग करून बघा. तुमच्या गाडीत कोणत्या गियरवर, किती वेगाला लॉक लागतो हे एकदा कानाला आणि डोळ्याला कळलं की घाटात काय करायचं ते पाय आपोआप ठरवतो.

पुढे भरलेला ट्रक पंधराच्या वेगाने चढत असेल तर त्याच्या शेपटाला चिकटून जाऊ नका. सुरक्षित, रुंद जागा बघून बाजूला थांबा, त्याला पुढे जाऊ द्या, मग सलग चढा. चढावर दोन-तीन मिनिटांसाठी एसी बंद केला तरी मदत होते, कारण एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि रेडिएटरला जाणारा वारा आधीच गरम करून सोडतो. उतारावरही खालचा गियर धरून उतरा, तो मुद्दा गियरबॉक्सपेक्षा ब्रेकचा आहे.

वजनाबद्दल तुम्ही ‘हजारेक किलो असेल’ असं लिहिलंय. अंदाजावर राहू नका, वजनकाट्यावर घाला. १८ फुटी फायबर बोटीचा सांगाडाच साडेचारशे-पाचशे किलोचा असू शकतो, साठ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक मशीन शंभर किलोच्या वर, शंभर लिटर पेट्रोल साधारण ७४ किलो, गॅल्व्हनाइज्ड ट्रेलर तीनशेच्या आसपास. त्यात नांगर, साखळी, बॅटऱ्या, बर्फाची पेटी. आणि परतताना बोटीच्या तळात साचलेलं पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, दोनशे लिटर तळात सहज बसतं आणि वरून दिसतही नाही. रॅम्पवरून वर येताच, पट्टे आवळायच्या आधी, मागची बुचं काढा आणि पाणी पूर्ण निघू द्या. सकाळपेक्षा दुपारी बोट जड होती का, याचं उत्तर त्यात मिळेल. ट्रेलरच्या हुकावरचा भार एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के असावा.

गाडीच्या पुस्तकात ट्रेलर ओढायची मर्यादा बघा. ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरसाठी ती वेगवेगळी असते. युरोप-ऑस्ट्रेलियात बिनब्रेकचा ट्रेलर ७५० किलोपर्यंतच ओढता येतो. आपल्याकडे बोटीचे पुष्कळ ट्रेलर बिनब्रेकचे फिरतात. तुमचं वजन बाराशे-तेराशे निघालं तर ट्रेलरला ब्रेक हवेतच, हे मी गियरबॉक्सचं काम करणारा माणूस असूनही ठासून सांगतो.

ब्रेक आहेत पण गंजून अर्धवट धरून बसले असतील, तर तो सगळा ओढा गियरबॉक्सवर येतो. घाटाच्या आधी थांबाल तेव्हा ट्रेलरच्या दोन्ही हबजवळ हाताची मागची बाजू न्या. एक बाजू कोमट आणि दुसरी चटका देणारी असेल तर तिथे ब्रेक किंवा बेअरिंग धरतंय. टायरमधली हवाही तेव्हाच बघा. बोट लावून झाल्यावर हब, ब्रेक आणि पट्ट्या गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय ट्रेलर उभा करू नका.

आता मोजमाप. दिव्याच्या भरवशावर राहू नका, दिवा लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायच्या ओबीडी सॉकेटला लावायचं छोटं ब्लूटूथ स्कॅनर घ्या आणि तुमच्या मॉडेलचं गियरबॉक्स तापमान वाचू शकणारं ॲप मोबाइलवर टाका. हा आकडा प्रत्येक कंपनी वेगळ्या पद्धतीने देते, त्यामुळे साधं ॲप इंजिनाचं तापमान दाखवेल आणि गियरबॉक्सचं दाखवणार नाही. घ्यायच्या आधी खात्री करा. ते जमलं नाही तर कूलरकडे जाणाऱ्या पाइपवर सेन्सर बसवून वेगळं मीटर लावता येतं. त्या पाइपमधलं तेल कन्व्हर्टरमधून नुकतंच आलेलं असतं, म्हणून तिथला आकडा चेंबरपेक्षा नेहमी जास्त दिसतो, घाबरून जाऊ नका.

चेंबरच्या आकड्यांचा माझा हिशेब असा. ८० ते ९५ म्हणजे सगळं ठीक. चढावर थोडा वेळ ११० पर्यंत गेलं तर चालतं, पण चढ संपल्यावर ते खाली यायला हवं. १२० दिसलं की पुढच्या सुरक्षित जागी थांबायचं. १३० च्या पुढे सील कडक व्हायला लागतात, तेलाचा वार्निशसारखा थर व्हॉल्व्हवर बसतो. १५० ला क्लच प्लेटा जळायला लागतात. जुन्या मेस्त्रींचा ठोकताळा आहे की ८० च्या वर दर दहा-अकरा अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. तो जुन्या मिनरल तेलांचा आहे, आजची सिंथेटिक तेलं जास्त टिकतात, पण दिशा तीच.

दिवा पुन्हा लागला तर काय करायचं तेही लिहून ठेवतो. सुरक्षित जागी थांबा, पार्कमध्ये घाला, हँडब्रेक आणि ठोकळे लावा, एसी बंद करा आणि इंजिन चालूच ठेवा, हवं तर हजार-बाराशे आरपीएमवर. गियरबॉक्सवर पाणी ओतू नका. आकडा ९५ च्या खाली येईपर्यंत निघू नका, दिवा त्याच्या बराच आधी विझतो. मात्र इंजिनाचंही तापमान लाल पट्टीत गेलं असेल तर प्रश्न वेगळा आहे, तेव्हा रेडिएटर, पंखा आणि कूलंट बघावं लागेल.

तुमचं तेल आता खराब झालं का? एकदा दिवा लागून वीस मिनिटांत गेला, एवढ्याने गियरबॉक्स जात नाही. दुसऱ्या मित्राचं म्हणणं मनावर घेऊ नका. तरीही तेल काढून बघणं शहाणपणाचं. पांढऱ्या कागदावर चार थेंब सोडा. लालसर किंवा मातकट-लाल, वास साधा, असेल तर निश्चिंत राहा. काळपट तपकिरी आणि करपल्याचा वास असेल तर बदलायलाच हवं. चेंबर उघडला की आतल्या चुंबकाकडे बघा. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असतोच, बोटाने पुसला जातो, त्याची काळजी नको. टोचणारे बारीक तुकडे मिळाले तर पुढचा तपास करायला हवा.

आणि तेल गुलाबी, दुधाळ दिसलं तर गाडी तिथेच थांबवा. रेडिएटरच्या टाकीतला ऑइल कूलर आतून फुटून कूलंट तेलात मिसळल्याची ती खूण आहे, किंवा ब्रीदरमधून पाणी शिरल्याची. कूलंटमधलं ग्लायकॉल क्लच प्लेटांच्या अस्तराचा चिकटपणा घालवतं आणि मग प्लेटा सोलून निघतात. आपल्याकडे कूलंटच्या जागी वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी घातलेल्या गाड्यांत हे जास्त बघायला मिळतं. ठरलेलं कूलंट घालणं हा गियरबॉक्सचाही विमा आहे.

‘लाइफटाइम ऑइल’ वगैरे सांगतात, पण ट्रेलर ओढणं बहुतेक पुस्तकांत कठीण वापरात धरलेलं असतं. बोट नियमित ओढणाऱ्या गाडीला मी ४०,००० किलोमीटरला तेल बदला असं सांगतो. चेंबरमधून काढल्यावर अर्ध्याच्या आसपासच तेल निघतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये असतं, म्हणून थोड्या अंतराने दोनदा बदलणं मला पसंत आहे. तेल पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच हवं, ‘चालतं’ म्हणून दुसरं नको. आजच्या बहुतेक गियरबॉक्सना डिपस्टिक नसते, पातळी ठराविक तापमानाला बुच उघडून बघावी लागते. स्कॅनर न लावता पातळी बघणाऱ्याकडे हे काम देऊ नका. तेल कमी असलं तरी जास्त असलं तरी फेस होतो, आणि फेसाळलेलं तेल उष्णता वाहून नेत नाही.

आता कूलर. मी त्याच्या विरोधात नाही, बोट ओढणाऱ्या कितीतरी गाड्यांना मी तो बसवला आहे. पण हवेने थंड होणाऱ्या कूलरला हवा लागते. रॅम्पवर गाडी उभी असते, घाटात पंधरा-वीसचा वेग असतो, म्हणजे ज्या वेळी गरमी सर्वात जास्त, त्याच वेळी वारा सर्वात कमी. म्हणून रॅम्पवरची सवय न बदलता नुसता कूलर बसवलात तर तो हायवेवर छान काम करेल आणि दिवा घाटात पुन्हा लागेल.

बसवायचाच असेल तर ट्यूब-फिनपेक्षा प्लेट प्रकारचा घ्या, त्याच आकारात तो जास्त काम करतो. रेडिएटरमधला मूळ कूलर बाद करू नका. तो पाण्यावर चालतो म्हणून कमी वेगातही उपयोगी पडतो. तेल आधी त्यातून, मग नवीन कूलरमधून आणि मग गियरबॉक्सकडे, असाच क्रम ठेवा. कूलर कंडेन्सरच्या पुढे बोटभर अंतर सोडून, पट्ट्यांच्या ब्रॅकेटवर बसवा. जाळीतून आरपार प्लास्टिकचे टाय घालून बांधणारे असतात, त्यांना तसं करू देऊ नका. गाडीच्या हादऱ्याने ते घासून कंडेन्सरला भोक पाडतात. होज पाइप ट्रान्समिशन ऑइलसाठी असतो तोच हवा, पाण्याचा किंवा पेट्रोलचा नाही. शक्य असेल तर त्याच्या मागे तापमानावर चालू होणारा छोटा इलेक्ट्रिक पंखा लावा, घाटात खरा फायदा त्याचाच. वॉरंटी चालू असेल तर आधी डीलरकडून लेखी विचारून घ्या.

आपल्या हवेत या कूलरला आणखी एक शत्रू आहे, मीठ. ॲल्युमिनियमच्या बारीक फिनांवर पांढरी भुकटी दिसू लागली की त्या कुरतडल्या जातायत. दर फेरीनंतर समोरची जाळी गोड्या पाण्याने, साध्या नळीने धुवा. प्रेशर गनने फिन वाकतात आणि वारा जायचा मार्गच बंद होतो.

गियरबॉक्समध्येच दोष असल्याची शंका कधी घ्यायची? बोट न जोडता, सपाट रस्त्यावर ऐंशीच्या वेगाला वरचा लॉक-अपचा प्रयोग करा. तिथेही काटा टुणकन उडत असेल तर लॉक-अप क्लच, त्याचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) किंवा तेलाचा दाब यांत काहीतरी आहे. मग स्कॅनर लावून कोड वाचायला हवेत, आणि तोवर बोट ओढू नका. गियर बदलताना झटका बसणं, रिव्हर्स लागायला उशीर होणं या खुणाही सोबत असतात. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मला तुमचा गियरबॉक्स सुस्थितीत वाटतो.

पुढच्या फेरीला बोटीसकट वजन करून घ्या आणि चार ठिकाणचं तापमान टिपून ठेवा: रॅम्पवर मागे घ्यायच्या आधी, बोट वर आल्यावर, घाटाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर. सोबतच्या माणसाला मोबाइल बघायला सांगा, तुम्ही गाडी चालवा. रॅम्पवर फोर-लो आणि घाटात तिसरा धरूनही माथ्यावर ११० च्या वर दिसलं तर कूलर हवाच. ते चार आकडे आणि वजनकाट्याची पावती इथे टाकलीत की केवढा हवा ते मी नेमकं सांगेन.